डावीकडची पुढची जागा

सबनीसकाकांनी मला फसवलं. नऊ महिने, महिन्यातले दोन शनिवार, बावीस घरांच्या देखत फसवलं आणि मला पत्ता लागू दिला नाही. सबनीसकाकांना फसवलं ते एका तीन ओळींच्या पत्रानं. मी सांगलीच्या मार्केट यार्डातल्या तोलाराची मुलगी आहे. हळदीच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घातल्याशिवाय भाव बोलायचा नाही, हे मला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक होतं. तरीही दोन्ही वेळा माझा हात वरच्या थरातच राहिला, म्हणून हे लिहिते आहे.

नारायण सबनीस नेदरलँड्समधल्या वाखनिंगनला राहायचे. माती आणि पाणी यांवर काम करणाऱ्या एका संस्थेत त्यांची सगळी नोकरी झाली. समुद्राचं खारं पाणी नदीच्या मुखातून किती आत चढतं, हे मोजणं हा त्यांचा धंदा. त्यासाठी ते व्हिएतनामच्या दक्षिणेला, मेकाँग नदीच्या त्रिभुज प्रदेशात अनेक उन्हाळे राहिले होते. बायको गेलेली, एकुलती मुलगी मीरा ग्रोनिंगनला. मी त्यांना ओळखू लागले तेव्हा ते त्र्याहत्तर वर्षांचे होते.

मी नीउ-व्हेनेपला राहते. नवऱ्याच्या व्हिसावर इथे आले, आधी चकल्या विकल्या, मग बस भाड्यानं घेऊन सहली काढायला लागले. माझं गिऱ्हाईक म्हणजे पुण्या-मुंबईच्या आयटीवाल्या मुलांकडे तीन महिन्यांसाठी आलेले आईवडील. मुलं ऑफिसात, नातवंडं शाळेत, आणि हे दोघं खिडकीत बसून पाऊस मोजणार. त्यांना बसमध्ये घालायचं, पोळीभाजी द्यायची आणि संध्याकाळी हसऱ्या चेहऱ्यानं परत सोडायचं, एवढं मी करत होते. चांगलं करत होते.

करोनाच्या आधीच्या शरद ऋतूत आमची बस झेलंडला निघाली होती, समुद्र अडवणारी ती प्रचंड दारं बघायला. एक उंच, वाळका म्हातारा बसमध्ये चढला. नमस्कार नाही, नाव नाही. विचारलं, "भरती किती वाजता आहे?"

मी म्हटलं, "काका, बस साडेआठला आहे. भरतीचं मला माहीत नाही."

"मग तुम्ही या लोकांना चिखल दाखवणार."

माझं डोकं फिरलं. पण बस सुटेपर्यंत मी फोनवर वेळ बघितली, आणि म्हातारा बरोबर होता. जेवण आधी घेतलं, दारं नंतर. आम्ही पोचलो तेव्हा दारांमधून पाणी असं धावत होतं की कोल्हापूरच्या एक बाई माझा हात धरून उभ्या राहिल्या. काकांनी माइक मागून घेतला नाही. मी होऊन दिला. अर्धा तास बोलले. कुणी डुलकी काढली नाही. जेवणानंतर डुलकी न काढणारी चाळीस म्हातारी माणसं मी पहिल्यांदा पाहिली.

कुठेही जायचं म्हटलं की आधी पाण्याची वेळ विचारायची, ही त्यांची सवय होती. वाखनिंगनच्या बाजारात गाजरं घ्यायला निघाले तरी ऱ्हाईन किती फुगली आहे ते खिडकीतून बघून निघत. मी एकदा त्यांना म्हटलं, "काका, गाजरांना भरतीओहोटी नसते." ते म्हणाले, "बाई, तुम्ही सगळ्यांशी घासाघीस करता. पाण्याशी होत नाही. त्याला फक्त वेळ विचारायची असते." मला ते 'बाई' म्हणत. सुलभा हे नाव त्यांना माहीत होतं, पण ते त्यांनी वापरलं नाही.

मार्चमध्ये सगळं बंद झालं. विमानं बंद, बस बंद. माझे गिऱ्हाईक असलेले आईवडील इथेच अडकले. साताऱ्याच्या जोशीआजी तीन महिन्यांसाठी आल्या होत्या, त्या मुलाच्या फ्लॅटमध्ये, दोन ऑफिसं आणि एक शाळा एकाच टेबलावर चालू असताना, बेडरूममध्ये जप करत बसलेल्या. त्यांनी मला फोन केला. "सुलभा, कुठेतरी ने गं. नुसतं बोलूनसुद्धा ने."

ते वाक्य मी उचललं. सबनीसकाकांकडे स्लाइडचे डबे होते, साडेतीनशेच्या वर, प्रत्येकीच्या चौकटीवर त्यांच्या हातानं घातलेला क्रमांक. मी डबे आणले, मशीनवर एकेक स्लाइड उतरवली आणि त्यांच्याशी बोलणी करायला बसले. म्हणजे ते त्यांच्या गॅलरीत आणि मी खाली हिरवळीवर, दीड मीटरच्या जागी बारा मीटर अंतर ठेवून.

माझा प्रस्ताव होता वीस शनिवार. मेकाँगच्या त्रिभुज प्रदेशात बघण्यासारखं काय काय आहे ते त्यांनी सांगायचं, मी स्लाइड सरकवायच्या, आणि सीमा उघडल्या की याच लोकांना घेऊन मी खरी सहल काढायची. ते म्हणाले बारा. मी म्हटलं वीस. ते म्हणाले, "वीस चालतील, पण मला मानधन नको. सहलीत जागा हवी. होडीतली डावीकडची, पुढची."

"डावीकडचीच का?"

"उजव्या डोळ्यात आता मधोमध डाग आहे. डावा चांगला आहे. दर सहा आठवड्यांनी त्यात इंजेक्शन देतात. देत राहिले तर टिकेल, असं डॉक्टर म्हणतात. मला ती नदी एकदा परत बघायची आहे, बाई. डावा डोळा आहे तोवर."

दुसरी अट होती. सहलीतला एक दिवस एका गावाला द्यायचा. मेकाँगचाच फाटा असलेल्या हाउ नदीच्या काठावरचा एक लहानसा धक्का. तिथे त्यांनी दोन उन्हाळे काढले होते.

"तिथे बघायला काय आहे?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"काही नाही, म्हणून तर एक दिवस पुरे."

मी हसले आणि सौदा मान्य केला. मान्य करताना एक वाक्य बोलले. सौदा पक्का करताना समोरच्याला जरा टोचायचं, म्हणजे तो नंतर वाकडा जात नाही, ही माझी पद्धत. मी खालून ओरडून म्हटलं, "डोळे सांभाळा हं काका. आंधळ्या गाईडच्या मागे कोण येणार?"

ते गॅलरीतून म्हणाले, "कुणी येणार नाही. बरोबर आहे."

मेच्या अखेरीस व्हिडिओ कॉलवर शनिवार सुरू झाले, महिन्यातून दोन, बावीस घरं जोडलेली. काका दहा मिनिटं आधी हजर असत. कॅमेऱ्यासमोर ताठ बसत आणि चेहरा थोडा वळवून, कान पुढे करून बोलत, जणू आम्ही सगळे त्यांच्या शेजारच्या खोलीत बसलो आहोत. मला ती ऐट वाटायची. आमच्यापैकी एक जण म्हणालाही, "काका रेडिओवर असल्यासारखे बसतात." मी "पुढची?" विचारायचे, ते "पुढची" म्हणायचे, आणि मी बटण दाबायचे.

काय सांगायचे ते. पहिल्या शनिवारी कान थो शहराजवळचा काय रांगचा तरंगता बाजार. पहाटे पाचला जायचं, सातला गेलात तर तुम्ही फक्त इतर पर्यटक बघाल. प्रत्येक होडीवर एक उंच बांबू उभा, आणि बांबूला माल बांधलेला. अननस लटकत असेल तर अननस मिळणार, भोपळा लटकत असेल तर भोपळा. ओरडायचं नाही, पाटी नाही. "पण तीन गोष्टी लक्षात ठेवा," काका म्हणाले. "वर कपडे वाळत असतील तर ते विकायला नाहीत. आत गरम शेवयांचा रस्सा मिळतो, तो बांबूला टांगता येत नाही. आणि माडाची झावळी टांगलेली दिसली तर झावळी विकायची नाही, होडीच विकायची आहे."

बाजारात वाढलेल्या मला हे इतकं आवडलं की मी माइक चालू करून विचारलं, "आणि वर चांगला अननस टांगून आत सडके ठेवले तर?"

"मग उद्या त्या होडीला कुणी दोर टाकत नाही. नदी अरुंद आहे, बाई. तोंड फिरवायला जागा नसते."

मग सा देकची फुलं. पूर येतो म्हणून तिथे कुंड्या जमिनीवर ठेवत नाहीत; लाकडी मांडवांवर, कमरेच्या उंचीला ठेवतात, खाली पाणी, आणि माळी छोट्या होडीतून फिरत पाणी घालतो. जोशीआजींनी इथल्या ट्यूलिपची शेतं पाहिली होती. त्या म्हणाल्या, "म्हणजे इथले लोक पाणी काढून टाकून फुलं लावतात, आणि तिथले पाणी ठेवून लावतात." काका म्हणाले, "आजी, हे वाक्य मला नोकरीत असताना मिळालं असतं तर माझा एक अहवाल लिहायचा वाचला असता."

चाउ डॉकची तरंगती घरं, ज्यांच्या बैठकीच्या खोलीत जमिनीला एक झडप असते. ती उघडली की खाली जाळ्यात हजारो मासे, आणि घरची मुलगी भात टाकते तेव्हा सगळं घर हादरतं. बेन त्रेचे माड. "कोकणातल्यासारखं वाटेल, पण मान वर करून डोंगर शोधू नका. डोंगर नाही. चार दिवसांनी तुम्हाला चुकल्यासारखं वाटेल, पाचव्या दिवशी वाटणार नाही." सॉक त्रांगचा ख्मेर लोकांचा मठ, आवारातल्या झाडांवर दिवसा हजारो मोठी वटवाघळं. समुद्राजवळची शेतं, ज्यांत पावसाळ्यात भात आणि उन्हाळ्यात कोळंबी. खारं पाणी आलं म्हणून रडायचं नाही, त्याला कामाला लावायचं. "पण सगळ्यांना कोळंबी जमत नाही," ते सांगत. "एकानं बांध फोडून खारं पाणी घेतलं की शेजाऱ्याचा भात मरतो. शेजाऱ्याला विचारत नाहीत. खारं पाणी एका दिवसात येत नाही, पण आल्यावर कळतं तेव्हा दिवस गेलेला असतो."

जोशीआजी उन्हाळ्यात खास विमानानं साताऱ्याला परत गेल्या आणि तिथूनही शनिवारी येत राहिल्या. सहलीसाठी नावं येत होती. मी दर महिन्याला काकांना विचारायचे, "डोळा कसा आहे?" ते म्हणायचे, "स्थिर आहे." किंवा, "चालू आहे सगळं." मी पुढे विचारलं नाही. बोलणी झालेल्या मालाची रोज चौकशी करायची नसते.

फेब्रुवारी आला. संध्याकाळची संचारबंदी चालू होती आणि लोकांना बोलायला काहीच उरलं नव्हतं. अठराव्या शनिवारी सात नवी घरं येणार होती, ग्रोनिंगन आणि आइंडहोवनची. सहल भरायची तर मला ती हवी होती. नव्या लोकांसाठी काकांनी आधीच्याच काही स्लाइड क्रमांक सांगून परत लावायला सांगितल्या होत्या. तो क्रम मी बघितला आणि मला पटला नाही. आधी पाणी मोजायचे खांब, मग वटवाघळं, मग भातशेती आणि शेवटी सा देकची फुलं. नवीन गिऱ्हाइकाला आधी खांब कोण दाखवतं? यार्डात आम्ही पोतं उघडताना चांगली हळकुंडं वर आणायचो. मी फुलं वर आणली, खांब खाली नेले. काकांना सांगितलं नाही. समोर दिसतंच आहे, सांगायचं काय.

काका ताठ बसले, कान पुढे केला. खांबांवर पाच मिनिटं बोलले. स्क्रीनवर शेवंती होती. मला वाटलं प्रस्तावना चालू आहे. मग ते म्हणाले, "पुढची," मी बटण दाबलं, आणि ते म्हणाले, "आता इथे नीट बघा. ही झोपली आहेत. उलटी लटकून. मधूनमधून एखादं पंख उघडून वारा घेतं, म्हाताऱ्या बाईनं पदरानं घ्यावा तसा."

स्क्रीनवर पिवळ्या झेंडूचे मांडव होते.

जोशीआजी साताऱ्याहून म्हणाल्या, "हो हो. छान आहेत." त्यांना त्या क्षणी कळलं होतं. आइंडहोवनचा एक जण हसला आणि म्हणाला, "रंगीत आहेत हो वटवाघळं."

माझा संताप वर आला. मला वाटलं, म्हातारा मला नव्या लोकांसमोर खाली पाडतो आहे. क्रम बदलला म्हणून मुद्दाम करतो आहे. मी माइक चालू केला. "काका, तुम्ही स्क्रीन बघताय का?"

"नाही."

"मग काय बघताय?"

"काही नाही," ते म्हणाले. "सप्टेंबरपासून."

बावीस जुनी घरं आणि सात नवी, सगळ्यांनी ऐकलं. सप्टेंबरपासून ते पाठ केलेल्या क्रमावर बोलत होते. साडेतीनशे स्लाइड, प्रत्येक कितवी ते डोक्यात, आणि कुठे थांबलं की मी "पुढची?" विचारते ते कानात. मी क्रम बदलला नसता तर वीस शनिवार पुरे झाले असते.

जोशीआजींनी तो शनिवार वाचवला. त्या म्हणाल्या, "सुलभा, गप्प का? काका, समोर सा देकचा झेंडू आहे. दोन मांडव, मधे होडीत टोपीवाली बाई. सांगा." काकांनी घसा साफ केला आणि झेंडूबद्दल सांगितलं. पुढच्या प्रत्येक स्लाइडला आजी आधी काय आहे ते बोलत, मग काका. नव्या सातांपैकी पाच घरं तोवर निघून गेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वाखनिंगनला गाडी नेली. एका वेळी एकच पाहुणा चालत होता, तो मी झाले. नदी पुराच्या मैदानात पसरली होती. काका खिडकीशी उभे होते. मी आत येताच म्हणाले, "पाणी कुठवर आलंय?"

"मला पाण्याचं विचारू नका. नऊ महिने मला स्थिर आहे, स्थिर आहे म्हणत होता."

"मे ते सप्टेंबर थोडं दिसत होतं. तेवढं वजा करा."

"मी लोकांना शब्द दिलाय. तुमच्या नावावर."

"म्हणूनच," ते म्हणाले. "आंधळ्या गाईडच्या मागे कोण येणार? तुम्हीच म्हणालात. बरोबर होतं ते. मी हिशेब केला, वीस शनिवार निभावले तर लोक नक्की होतील. एकदा होडीत बसल्यावर कोण परत फिरतो?"

"आणि होडीत बसून तुम्ही काय बघणार होता?"

ते खुर्चीत बसले. "पाणी कुठवर आलंय ते सांगा ना."

"बाकाच्या पाठीपर्यंत."

"म्हणजे अजून चढेल."

मग मी इंजेक्शनांचं विचारलं. ते म्हणाले, थांबली. कधी? गेल्या मार्चमध्ये. पत्र आलं होतं. कुठे आहे पत्र? टेबलाच्या खणात, रुग्णालयाच्या इतर कागदांसोबत. मला डच फार येत नाही, पण तीन ओळींपुरतं येतं. करोनामुळे तुमची भेट पुढे ढकलली आहे. तुमची भेट तातडीची नाही. आम्ही संपर्क साधू.

"आणि साधला?"

"जूनमध्ये मीच फोन केला. त्या बाई म्हणाल्या, तुम्ही यादीत आहात. सभ्य होत्या. मागे खूप फोन वाजत होते."

"आणि मग?"

"मग काय. बातम्यांत अतिदक्षता विभाग भरलेले दाखवत होते. माझा एक डोळा. यादीत होतो ना. रांगेत उभा राहिलेला माणूस पोचतोच."

हे वाक्य ते नेहमी म्हणायचे. बाजारातल्या मासेवाल्याच्या रांगेत, खेमेन्तेच्या म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या खिडकीशी, कुठेही. पंचेचाळीस वर्षांत या देशानं त्यांना शिकवलेलं ते एक वाक्य होतं, आणि बहुतेक वेळा ते खरंही ठरलं असणार. मी त्यांच्यावर ओरडले. म्हटलं, रांगेत पोचतो तो जो पुढच्याच्या पाठीला लागून उभा राहतो. रोज फोन करायचा असतो. दारात जाऊन बसायचं असतं. मला सांगायचं असतं. मी भांडले असते, भांडणं हाच माझा धंदा आहे.

"तुम्हाला सांगितलं असतं तर जागा गेली असती," ते म्हणाले.

ते आवाज चढवून बोलले नाहीत. मी त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन चहा केला, कारण दुसरं काही करता येत नव्हतं.

मी भांडले. त्यांच्या हाउसआर्ट्सला, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरला, तीन दिवसांत सहा फोन केले. दोन आठवड्यांत रुग्णालयाची भेट मिळाली. मीरा ग्रोनिंगनहून आली, ती आत गेली, मी गाडीत बसले. डॉक्टर म्हणाले, डाव्या डोळ्याच्या मधोमध व्रण तयार झाला आहे, तिथलं गेलेलं परत येणार नाही. कडेकडेचं उरेल. त्याहून महत्त्वाचं ते मीरानं विचारलं तेव्हा कळलं: ही इंजेक्शनं त्या काळात थांबवायचीच नव्हती. त्या विभागात तसा नियम होता. साधी तपासणी असलेल्यांना पुढे ढकलायचं होतं आणि इंजेक्शनवाल्यांना बोलवत राहायचं होतं. काकांचं नाव चुकून तपासणीवाल्यांच्या यादीत गेलं होतं.

ते गाडीत बसले, पट्टा लावला. मीरा रडत होती. काका म्हणाले, "चुकीच्या रांगेत उभा होतो. तिथेही पोचलो असतो, पण दुसरीकडे."

सहल निघाली ती पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये. बावीस घरांतली अकरा माणसं आली, जोशीआजी साताऱ्याहून. काका आले नाहीत. मी आग्रह केला, रागावले, मीराला मध्ये घातलं. ते म्हणाले, "मला बघायला यायचं होतं. कडेकडेनं बघण्यासारखी ती नदी नाही." तोवर ते ग्रोनिंगनला मुलीजवळ राहायला गेले होते.

होडीतली डावीकडची पुढची जागा मी रिकामी ठेवली नाही. रिकामी जागा मला बघवत नाही. तिथे मी बसले. काय रांगचा बाजार काकांच्या स्लाइडमधल्यापेक्षा कितीतरी लहान झालेला होता. रस्ते आणि पूल झाले, माल ट्रकनं जातो. तरी पहाटे पाचला एकेक बांबू उजेडात येत होता. सा देकचे मांडव होते. वटवाघळं होती, कमी. आमच्या लोकांनी तक्रार केली नाही. त्यांना काय बघायचं ते आधीच माहीत होतं.

तो एक दिवस मी त्या धक्क्याला दिला. तिथे खरंच बघायला काही नव्हतं. चार पायऱ्या, एक चहाची टपरी, पलीकडचा काठ. मी तिथून काकांना फोन लावला. कॅमेरा बंद ठेवला.

"पाण्याचा रंग कुठला आहे?" त्यांनी विचारलं.

"चहासारखा."

"कोरा की दूध घातलेला?"

मी नीट बघितलं. धंद्यात मी कुठलाही माल आहे त्याहून बरा सांगते, तो माझा स्वभाव आहे. इथे सांगता आला नाही. "दूध घातलेला. कडेला जरा पातळ."

"मग गोडं आहे अजून. खारं आलं की गाळ खाली बसतो, पाणी निवळतं. लोकांना ते सुंदर दिसतं." मग त्यांनी विचारलं, "पायऱ्या किती?"

"चार."

"नऊ होत्या. पाच पाण्यात असतील."

"किंवा खचल्या असतील."

"किंवा खचल्या असतील," ते म्हणाले. "पलीकडे उंच माड आहे का, वाकडा?"

नव्हता. मी म्हटलं, "नाही, काका."

"बरं झालं खरं सांगितलंत." मग ते फोनवरून होड्यांचे आवाज ऐकत राहिले. प्रत्येक इंजिनाला ते म्हणत, ही रिकामी आहे, ही भरलेली आहे. मी बघत होते. त्यांचं एकदाही चुकलं नाही.

सबनीसकाका त्यानंतर वर्षभर होते. ग्रोनिंगनला झोपेतच गेले. मीरानं मला स्लाइडचे डबे दिले.

त्यांनी मला फसवलं त्याचं कारण मी होते. ते वाक्य माझं होतं, मी खालून ओरडून म्हटलं होतं, आणि त्याचं जे काय उत्तर द्यायचं ते मी मीराला तोंडावर दिलं आहे. पण पत्र माझं नव्हतं. मी रुग्णालयाच्या तक्रार विभागाला तीनदा लिहिलं, मीराच्या सहीनं. पहिलं उत्तर आलं की झाल्या गोष्टीबद्दल खेद वाटतो. दुसरं आलं की तो काळ सर्वांसाठीच अभूतपूर्व होता. तिसरं आलं की उपलब्ध माहितीनुसार प्रक्रिया पाळली गेली. यादी करणं हे प्रक्रियेनं होत नाही. एक माणूस खुर्चीत बसतो, समोर एक नाव येतं, आणि तो ते नाव इकडे किंवा तिकडे टाकतो.

ते पत्र माझ्याकडे आहे. खाली 'विभागाच्या वतीने' असं छापलेलं आहे, सही नाही. साताऱ्यात, सांगलीत, कुठल्याही पेठेत सही नसलेला कागद घेऊन गेलं तर दुकानदार तो हातात धरत नाही. मला भरपाई नको, खेद नको, आणि काळ कसा होता ते मलाही माहीत आहे. मी त्याच काळात राहत होते. नारायण सबनीसांचा डावा डोळा तातडीचा नाही, असं कुणी ठरवलं? त्या माणसानं पुढे यावं, स्वतःचं नाव सांगावं आणि उत्तर द्यावं. मी चौथं पत्र पाठवलं आहे, आणि या वेळी मी रोज फोन करते आहे.